वॉचमनला लुकमन का म्हणत नाहीत?

सोसायटीच्या गेटवर खुर्ची टाकून बसतो तो वॉचमन. त्याला लुकमन म्हणावं असं कुणाच्या मनातही येत नाही. नाक्यावरचा एखादा पोरगा खुन्नस देतो तेव्हा तो 'लुक देतो', वॉच देत नाही. पोलिसांचा एखाद्या घरावर 'वॉच' असतो, लुक नसतो. आणि मेसेज उघडून उत्तर न देणाऱ्याबद्दल कॉलेजातली मुलं कुरकुरतात ती 'सीन करून सोडलं' अशी. इंग्रजीच्या तासाला कायम मागच्या बाकावर बसलेली माणसंसुद्धा हे तीन शब्द मराठी वाक्यात बिनचूक वापरतात. तीच माणसं इंग्रजी बोलायला लागली की अडखळतात, कारण शाळेत पाठ करून घेतलेलं असतं : सी म्हणजे पाहणे, लुक म्हणजे पाहणे, वॉच म्हणजेही पाहणे. त्यामागे स्टेअर, गेझ, ग्लान्स, पीप, पीअर अशी रांग उभीच असते आणि शब्दकोशात प्रत्येकापुढे पुन्हा 'पाहणे'च, फार तर आधी एखादं 'रोखून' किंवा 'चोरून' जोडलेलं.

ही रांग डोळ्यांच्या हालचालींवरून लावायला गेलं तर फारसं काही हाती लागत नाही. बघणाऱ्याला त्यातून काय हवंय आणि बघण्याची जबाबदारी त्याच्यावर किती आहे, हे विचारलं की बहुतेक शब्द आपापल्या जागी जाऊन बसतात.

सी आणि लुकच्या बाबतीत मराठी माणसाला फुकटचा फायदा आहे. आपल्याकडे 'दिसणे' आणि 'बघणे' ही दोन क्रियापदं मुळातच वेगळी आहेत आणि त्यांचं व्याकरणही वेगळं आहे. 'मी बघितलं' यात मी काहीतरी केलं. 'मला दिसलं' यात मी काहीच केलं नाही, समोरचं माझ्यापर्यंत आलं. खिडकीतून बघितलं पण काही दिसलं नाही, हे वाक्य इंग्रजीत 'आय लुक्ड, बट आय सॉ नथिंग' असं होतं. इंग्रजीने दोन्हीकडे 'आय' हाच कर्ता ठेवला, त्यामुळे हा फरक वाक्याच्या वरच्या अंगाला कुठेच दिसत नाही, तो क्रियापदाच्या पोटात दडून राहतो. म्हणून तर 'आय ॲम सीइंग अ बर्ड' हे वाक्य इंग्रजी कानाला खटकतं. दिसणं एक तर घडतं किंवा घडत नाही, ते भाजी चिरल्यासारखं चालू ठेवता येत नाही. सी ओढूनताणून चालू काळात नेला की त्याचा अर्थच पालटतो. 'शी इज सीइंग समवन' म्हणजे तिचं कुणाशी तरी जुळतंय, आणि 'आय ॲम सीइंग अ डॉक्टर' म्हणजे उपचार चालू आहेत.

मात्र हे समीकरण डोळे मिटून वापरू नये. 'तू दमलेली दिसतेस' याचं इंग्रजी 'यू लुक टायर्ड' असं होतं, तिथे सीला जागा नाही. ज्याला दिसतं त्याच्या बाजूने बोलायचं तर सी, जो दिसतो त्याच्या बाजूने बोलायचं तर लुक. आपण दोन्हीकडे 'दिसणे'च वापरतो आणि तिथेच घसरतो.

लुक आणि सी यांच्यामधल्या खाचेत माणसं जिवानिशी जातात, हे ब्रिटनमधल्या रस्ते अपघातांच्या अभ्यासकांनी फार पूर्वी ओळखलं. 'लुक्ड बट फेल्ड टू सी' असं त्या अपघातांना नावच पडलंय. चौकात थांबलेला मोटारचालक डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, गाडी पुढे काढतो आणि समोरून येणाऱ्या मोटरसायकलला धडकतो. 'मी बघितलं होतं' असं तो शपथेवर सांगतो, आणि ते खोटं नसतं. लुक झालेलं असतं, सी झालेलं नसतं. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शॅब्रिस या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये हेच एका चित्रफितीतून दाखवलं. त्यांनी प्रेक्षकांना बास्केटबॉलचे पास मोजायला सांगितले आणि खेळाडूंच्या मधून गोरिलाचा पोशाख घातलेली व्यक्ती चालवली. ती मधोमध थांबून छाती बडवून गेली, तरी सुमारे निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही.

उलट, न दिसण्याचा सोयीस्कर वापरही करता येतो. २ एप्रिल १८०१ रोजी कोपनहेगनच्या लढाईत ॲडमिरल हाइड पार्करने माघारीची निशाणं चढवली. त्याचा दुय्यम होरेशिओ नेल्सन पुढे लढत होता. त्याच्या उजव्या डोळ्याची नजर सात वर्षांपूर्वी कॉर्सिकामध्ये गेली होती. त्याने दुर्बीण नेमकी त्या डोळ्याला लावली आणि मला खरोखरच निशाण दिसत नाही असं सांगितलं, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीला नंतर तिखटमीठ लागलं असेल, पण तिची सगळी गंमत सी या क्रियापदावर उभी आहे. लुक वापरलं असतं तर तो खोटारडा ठरला असता. काणाडोळा करणे हा आपला वाक्प्रचार या प्रसंगाला इतका चपखल बसतो, की तो कोपनहेगनहून आला असावा अशी शंका यावी. अर्थात तसं नाही.

आता वॉच. या शब्दाचं सगळं कूळ जागरणातलं आहे. वॉच आणि वेक हे जुन्या इंग्रजीत एकाच मुळाचे शब्द होते आणि वॉचचा पहिला अर्थ होता जागं राहणं. रात्री जागायचं ते राखण करायला, आणि राखण करायची तर नजर ठेवावीच लागते. बघण्याचा अर्थ या वाटेने शेवटी आला. जहाजावर आजही पहाऱ्याच्या पाळीला वॉच म्हणतात. जुन्या पद्धतीत ती चार तासांची असे, फक्त संध्याकाळी चार ते आठ या वेळेचे दोन तुकडे करून दोन-दोन तासांचे 'डॉग वॉच' केलेले असत. त्यामुळे दिवसाच्या सात पाळ्या होत आणि तेच खलाशी रोज मध्यरात्रीच्या पाळीला अडकत नसत.

मराठीत हेच नातं दुसऱ्या टोकाकडून जुळलंय. पहारा हा शब्द प्रहरावरून आला. तीन तासांचा एक प्रहर, दिवसरात्रीचे आठ. दुपार म्हणजे दोन प्रहर झाले ती वेळ. गस्तीची पाळी प्रहराने बदलायची म्हणून त्या कामालाच पहारा नाव पडलं. एका भाषेत जागरणावरून वेळेच्या मापाला नाव मिळालं, दुसरीत वेळेच्या मापावरून जागरणाला. शेतातल्या माळ्यावर गोफण घेऊन ज्वारीवरची पाखरं हाकणारा राखणदार जे करतो, ते शुद्ध वॉच. पाखरं सुंदर आहेत की नाहीत याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ती कणसावर कधी उतरतात, एवढंच त्याला कळायला हवं असतं.

हा राखणदार मनात ठेवला की वॉचचे नियम पाठ करावे लागत नाहीत. जे बदलू शकतं, ज्यात पुढच्या क्षणी काही घडू शकतं, तेच वॉच करता येतं. फोटोकडे लुक, व्हिडिओला वॉच. भिंतीवरच्या चित्राला वॉच करणारा माणूस संग्रहालयाचा रक्षक तरी असतो किंवा चोर तरी. गॅसवर दूध ठेवून 'वॉच द मिल्क' म्हटलं तर अर्थ होतो की ते उतू जाऊ देऊ नकोस. तिथेच 'लुक ॲट द मिल्क' म्हटलं तर ऐकणारा घाबरून पातेल्यात डोकावेल, कारण दुधाला काहीतरी झालंय असा त्याचा अर्थ निघतो. क्रिकेटचा सामना वॉच करतात, टीव्ही वॉच करतात. नाटकाला किंवा थिएटरात सिनेमाला जायचं असेल तर मात्र इंग्रज बहुतेकदा सी वापरतो. तिथे जाऊन तो अनुभव पदरात पडला, एवढं त्याला सांगायचं असतं. घरबसल्या मोबाइलवर सिनेमे बघण्याच्या काळात ही रेघ पुसट होत चालली आहे, आणि तिच्यावरून कुणाला हटकण्यात अर्थ नाही.

'बर्ड वॉचिंग' हा शब्दप्रयोग रूढ झाला तो एडमंड सेलूस या इंग्रज निसर्गप्रेमीच्या १९०१ मधल्या त्याच नावाच्या पुस्तकामुळे. त्याआधी पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे बहुधा बंदूक, आणि मग पेंढा भरलेली कातडी. मारू नका, गुपचूप बसून पक्षी काय करतो ते बघत राहा, असं सेलूस सांगत होता. त्याला वॉच हाच शब्द हवा होता. आपण त्याला पक्षीनिरीक्षण म्हणतो. पण ताडोब्याच्या गेटवर सफारी संपवून जिप्सी बाहेर येतात तेव्हा आत जाणारे जे विचारतात ते असतं, 'साइटिंग झाली का?' पर्यटक मराठी असोत, बंगाली असोत वा गुजराती, शब्द तोच. वाघाच्या बाबतीत वॉचिंग म्हणण्याची ऐपत फार थोड्यांची. बाकीच्यांना तो दिसला की नाही एवढाच हिशेब असतो, आणि 'साइटिंग' हे त्या हिशेबाचं नाम आहे.

राखणीचा हा धागा वॉचपुरता नाही, हे पहिल्यांदा लक्षात येतं तेव्हा मौज वाटते. ऑब्झर्व्ह हा शब्द लॅटिनमधल्या जपणे, राखणे या अर्थाच्या धातूवरून आला. म्हणून इंग्रजीत ताऱ्यांचं निरीक्षण करण्यालाही ऑब्झर्व्ह आणि एकादशी पाळण्यालाही ऑब्झर्व्हच. शोकसभेत दोन मिनिटं शांतता 'पाळतात' ती याच क्रियापदाने. रिगार्डच्या आत गार्ड उघडउघड बसलेला आहे. बिहोल्डमध्ये होल्ड आहे, म्हणजे धरून ठेवणं. त्याचा जर्मन भाऊबंद 'बेहाल्टन' आजही 'ठेवून घेणे' याच अर्थाचा आहे. इंग्रजीत बिहोल्ड आता धर्मग्रंथांत आणि काही ठरावीक वाक्प्रचारांत उरलाय, बोलण्यात वापरला तर समोरचा हसेल. आणि ज्या शब्दाचा बघण्याशी काही संबंध असेल असं वाटत नाही, तो वेटसुद्धा याच घरातला. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता पाळत ठेवणे, दबा धरणे. पुढे नुसतं थांबणं उरलं. आपण थांबतो तेव्हा वाट 'पाहतो'. या दोन भाषांनी हे एकमेकींकडून घेतलेलं नाही. येणाऱ्याच्या रस्त्याकडे डोळे लावून बसणं हीच थांबण्याची सगळ्यात जुनी रीत असावी.

ग्लान्स आणि ग्लिम्प्स ही जोडी परीक्षेत हमखास चुकते. दोन्हींचा अर्थ 'ओझरतं'. फरक पुन्हा बघणे आणि दिसण्याचाच आहे : ग्लान्स म्हणजे ओझरतं बघणं, ग्लिम्प्स म्हणजे ओझरतं दिसणं. घड्याळाकडे ग्लान्स टाकतो, कारण वेळ कळायला तेवढं पुरतं आणि जास्त बघायची इच्छाही नसते. ग्लिम्प्स मात्र मिळतो. विमानतळाच्या दारात तासभर ताटकळलेल्या गर्दीला नटाचा मिळतो तो ग्लिम्प्स, आणि त्या गर्दीला जास्त हवं असतं. थोडक्यात समाधान आहे तिथे ग्लान्स, थोडक्यावर भागवावं लागतं तिथे ग्लिम्प्स.

ग्लान्सचा मूळ अर्थ क्रिकेट बघणाऱ्या कुणालाही समजावून सांगावा लागू नये. शस्त्राचा वार तिरका बसून घसरून जाणं, हा तो अर्थ. नजरेसाठी हा शब्द नंतर वापरात आला. लेग ग्लान्समध्ये तो जुना अर्थ जसाच्या तसा टिकून आहे. बॅट जोराने फिरवायची नाही, चेंडू पायाजवळ आला की पातं किंचित वळवायचं, आणि गोलंदाजाच्याच वेगावर तो फाइन लेगकडे घसरत जातो. हा फटका नावारूपाला आणला तो रणजितसिंहजींनी. १८९६ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर पहिल्याच कसोटीत त्यांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध ६२ आणि नाबाद १५४ धावा केल्या. घड्याळाकडे टाकलेली नजरही अशीच असते, लागते न लागते आणि घसरते. ग्लिम्प्स या शब्दाचं नातं मात्र लुकलुकणाऱ्या उजेडाशी आहे, म्हणजे मराठी 'झलक'ला तो बराच जवळचा.

या दोन्हींत आपलं दर्शन बसत नाही. आषाढीला पंढरपुरात रांग हाताबाहेर जाते तेव्हा अनेक वारकरी कळसाचं दर्शन घेऊन माघारी फिरतात. त्याला ग्लिम्प्स म्हटलं तर त्यांना काहीतरी कमी पडलं असं वाटेल, आणि त्यांना तसं वाटत नसतं. दर्शन 'घेतलं' आणि 'झालं' असं आपण दोन्ही म्हणतो, बघणं आणि दिसणं एकाच शब्दात. इंग्रजी वर्तमानपत्रांनी फार डोकं न खाजवता 'दर्शन' हाच शब्द उचलला, ते बरंच केलं.

उरलेल्या बऱ्याच शब्दांना बेथ लेव्हिन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ मधल्या इंग्रजी क्रियापदांवरच्या पुस्तकात एका कप्प्यात ठेवलंय. स्टेअर, गेझ, ग्लेअर, गेप, लीअर, पीप, पीक, पीअर, स्क्विंट आणि खुद्द लुक. या सगळ्यांना पुढे एखादं शब्दयोगी लागतं, बहुतेकदा 'ॲट'. सी आणि वॉच यांना ते लागत नाही. कारण उघड आहे. सी केलेली वस्तू दिसून चुकलेली असते, वॉच केलेली राखणीखाली असते. स्टेअर करणाऱ्याच्या हाती मात्र काहीच आलेलं नसतं, त्याने फक्त नजर त्या दिशेला लावलेली असते. 'लुक मी' म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला 'ॲट' विसरलास म्हणून गुण कापण्यापेक्षा हे कारण सांगितलं तर तो पुढे स्टेअरलाही चुकणार नाही.

या कप्प्यातले शब्द शिकायला चेहरा पुरतो. गेप म्हणजे आ वासून बघणं, अगदी शब्दशः. गॅप त्याचा जवळचा नातलग. ग्लेअर म्हणजे डोळे वटारणं. तो आधी झगझगीत प्रकाशासाठी होता, आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांसाठी आजही आहे. लीअरमध्ये वखवख असते. पीप फटीतून किंवा दाराआडून, आणि त्यात चोरटेपणा असतो. 'पीपिंग टॉम' हे नाव कोव्हेंट्री गावच्या लेडी गोडायव्हाच्या दंतकथेतून आलं. पीकही चोरूनच, पण त्यात खोडकरपणा जास्त; वेष्टन उघडायच्या आधी भेटवस्तूत डोकावणाऱ्या मुलाचा तो पीक. चष्मा घरी राहिलेले आजोबा बसस्टॉपवर मान पुढे काढून बसचा नंबर वाचायला धडपडतात तो पीअर. त्यात कसलंही पाप नाही, नुसती धडपड.

स्टेअर आणि गेझ यांच्यावर मात्र थांबायला हवं, कारण दोन्हींत नजर तितकीच वेळ खिळलेली असते. स्टेअरचा मूळ धातू ताठरपणाचा. जर्मनमध्ये त्याच कुळातला 'श्टार' म्हणजे ताठ, कडक. स्टेअर समोरच्याला टोचतो. गेझमध्ये बघणारा हरवलेला असतो, समुद्राकडे, ताऱ्यांकडे, तान्ह्या बाळाकडे. लंडनच्या भुयारी रेल्वेत काही वर्षांपूर्वी लैंगिक छळाविरुद्ध फलक लागले, त्यांवर शब्द होता 'इंट्रूसिव्ह स्टेअरिंग'. गेझिंग लिहिलं असतं तर त्या फलकाची धारच गेली असती. पण चित्रपट-समीक्षक लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मधल्या निबंधात 'मेल गेझ' म्हटलं ते का? मला वाटतं, त्यांचा रोख एखाद्या टवाळ प्रेक्षकावर नव्हता. कॅमेराच स्त्रीकडे भान हरपून, सुखासाठी बघतो आणि प्रेक्षकालाही तसंच बघायला लावतो, असं त्यांना म्हणायचं होतं. स्टेअर असता तर पडद्यावरच्या बाईला तो निदान टोचला असता.

बघण्याचं शेवटी सगळ्यात जास्त मोल होतं ते न्यायालयात. विटनेस हा इंग्रजी शब्द जाणण्यावरून आला. त्याचं मूळ आणि आपल्या 'विद्'चं मूळ एकच. आपला साक्षी मात्र 'साक्षात्' पाहणारा, आणि त्या साक्षातमध्ये डोळा आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचं कलम ६० असं सांगत होतं की दिसू शकणाऱ्या गोष्टीबद्दल साक्ष द्यायची तर ज्याने ती पाहिली त्यानेच द्यावी. नव्या साक्ष अधिनियमातही ती तरतूद कायम आहे. इंग्रजी मसुद्यातलं क्रियापद सी. तुम्ही किती वेळ बघत होतात हा प्रश्न उलटतपासणीत येईल, कायद्याला आधी हवंय ते दिसलं का, हे.

आणि उलटतपासणीत इंग्रजी सी आणखी एक डाव टाकतो. 'आय सॉ हिम क्रॉस द रोड' आणि 'आय सॉ हिम क्रॉसिंग द रोड' ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्यात साक्षीदाराने माणसाला या फुटपाथपासून त्या फुटपाथपर्यंत पोचलेलं पाहिलं. दुसऱ्यात त्याने फक्त मधला तुकडा पाहिला. तो पलीकडे पोचला की ट्रकखाली आला, ते या वाक्यातून कळत नाही. 'मी त्याला रस्ता ओलांडताना पाहिलं' हे मराठी वाक्य फक्त दुसऱ्याचं भाषांतर आहे. पहिल्यासाठी 'तो रस्ता ओलांडून गेला, ते मी पाहिलं' असं मोडून सांगावं लागतं. जबानीचं भाषांतर करताना हे दोन्ही एकाच साच्यात ओतले, तर साक्षीदाराने न पाहिलेलं त्याच्या तोंडी जातं.

राहता राहिली बघण्याच्या क्रियापदांना 'ओव्हर' लागून झालेली भानगड. टेकडीवरून समुद्र दिसतो तेव्हा ती टेकडी समुद्राला ओव्हरलुक करते. कारकुनाच्या नजरेतून चूक निसटली की त्यानेही ती ओव्हरलुक केली. ओव्हरसी म्हणजे देखरेख करणे. सार्वजनिक बांधकाम खात्यातला जुना ओव्हरसियर त्यातलाच. पण त्याचं नाम ओव्हरसाइट, आणि त्याचे अर्थ दोन : देखरेख आणि नजरचूक. एखादा घोटाळा उघडकीस आला की सरकार ओव्हरसाइट कमिटी नेमतं आणि संबंधित अधिकारी हे सगळं ओव्हरसाइटमुळे झालं असा खुलासा देतो. इंग्रजीत दोघांचंही बरोबर असतं.